वाढणाऱ्या हाताचा वाटा

प्रत्येक घरांत एक प्रश्न दिवसांतून निदान दोनदां विचारला जातो, आणि तो विचारणाऱ्यांपैकीं बहुतेकांवर त्याचें उत्तर शोधण्याची जबाबदारी नसते. “आज जेवायला काय?” हा तो प्रश्न होय. आत्मा, कर्म, मोक्ष यांविषयींच्या प्रश्नांस तत्त्वज्ञांच्या ग्रंथांत मानाचें स्थान मिळालें. या प्रश्नास तें कधीं मिळालें नाहीं. ही उपेक्षा आमच्या मतें योग्य नव्हे. या साध्या प्रश्नाच्या पोटांत न्यायाचा एक अवघड प्रश्न दडलेला आहे. घरांत जें आहे त्यांतून कोणास किती द्यावें, आणि हें ठरविणाराचा स्वतःचा वाटा कोणीं ठरवावा?

आम्ही हें लिहितों तें नेवासें गांव प्रवरेच्या कांठीं वसलेलें आहे. डॉ. ह. धी. सांकलिया व त्यांचे सहकारी यांनीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजतर्फे १९५४ ते १९५६ या काळांत येथें उत्खनन केलें, तेव्हां ताम्रपाषाणयुगीन वस्तीच्या थरांत साठवणीचे मोठे मातीचे रांजण सांपडले. म्हणजे ‘आज खावें कीं उद्यांकरितां राखावें’ हा विचार या भूमीवर तीन हजारांहून अधिक वर्षें चालू आहे. परंतु नेवाशाचें नांव महाराष्ट्रांत घेतलें जातें तें दोन दैवतांमुळें. एक येथील ग्रामदैवत मोहिनीराज, आणि दुसरा ज्ञानेश्वरांचा पैस खांब. या दोहोंचाही आमच्या विषयाशीं निकटचा संबंध आहे. तो पुढें येईलच. प्रथम स्वयंपाकघरांत जाऊं.

बाजारहाट म्हणजे पैसे देऊन पिशवी भरणें, अशी पुष्कळ पुरुषांची समजूत असते. प्रत्यक्षांत तें एक प्रकारचें कालगणित आहे. वर्षाची बेगमी, महिन्याचा किराणा, आठवड्याचा भाजीपाला आणि उद्यांचें भिजवण अशीं त्याचीं चार चक्रें एकमेकांत गुंतून फिरत असतात. ज्वारी आणि गहू उन्हाळ्यांत घ्यावयाचे, ऊन दाखवून, निंबाचा पाला घालून कोठींत भरावयाचे. तिखट, हळद, कुरडया, सांडगे हें सारें पावसापूर्वीं उरकावयाचें. बाजरीचें पीठ मात्र फार दिवस ठेवतां येत नाहीं; तें लौकर कडवट होतें, म्हणून थोडथोडें दळून आणावयाचें. बाजाराच्या दिवशीं आणलेली मेथी आणि शेपू आधीं संपवावयाची, वांगीं आणि गवार त्यांच्या मागून. मटकीची उसळ परवां हवी असेल, तर मटकी आज रात्रींच भिजली पाहिजे. आठवड्याच्या अखेरीस टोपलींत कांहीं उरलें नाहीं, तर पिठलें आहे, नाहीं तर हुलग्याच्या पिठाचीं शेंगोळीं आहेत. यांतच कोणाचा उपवास, कोणाचे पडलेले दांत आणि आषाढ वद्य एकादशीच्या यात्रेस न कळवितां येणारे चार पाहुणे यांची तरतूद करावयाची. हें सर्व गणित बहुधा एकाच डोक्यांत चालतें आणि कागदावर येतें तें फार थोडें. म्हणूनच तें कोणास दिसत नाहीं.

आम्हांलाही तें पुष्कळ वर्षें दिसलें नव्हतें. तें दिसलें तें एका आजारपणामुळें. आमच्या मातोश्री एकदां तापानें पंधरा दिवस अंथरुणास खिळल्या, आणि बाजार व स्वयंपाक या दोहोंची व्यवस्था आम्हां तीन भावंडांवर आली. पहिल्याच सकाळीं आम्हीं पीठ किती घ्यावें तें विचारलें. मातोश्रींनीं पडल्या पडल्या नेहमींचा हिशेब सांगितला:

“आजीची एक, तुझ्या वडिलांच्या तीन, तुम्हां तिघांच्या दोन-दोन, आणि एक गायीची. अकरांचं पीठ घे.”

“आणि तूं बरी असतेस तेव्हां तुझ्या किती?”

“माझ्या कशाला मोजायच्या? कोणीतरी कमी खातंच कीं रे.”

हें उत्तर त्यांनीं इतक्या सहजपणें दिलें कीं क्षणभर आम्हांस त्यांत कांहीं विशेष वाटलें नाहीं. पीठ परातींत घेतल्यावर मात्र बेरीज डोळ्यांपुढें उभी राहिली. घरांत माणसें सहा; मोजदाद पांच माणसांची आणि एका गायीची. पुढें महिन्याची यादी करावयास बसलों, तेव्हां ज्वारी, डाळ आणि तेल यांचीं मापेंही त्याच रीतीनें बसविलेलीं निघालीं. आमच्या घरीं दारिद्र्य नव्हतें. आणखी दोन भाकरींचें पीठ घेतलें असतें तर कोठी रिकामी होणार नव्हती. तरीही वर्षानुवर्षें आमच्या मातोश्रींचें जेवण आमच्यापैकीं कोणाच्या तरी अरुचीवर अवलंबून होतें. कोणाचें पोट बिघडलें, कोणी बाहेर खाऊन आला, कोणी रुसून उठला, कीं त्यांस पोटभर मिळे. याच्या उलट ज्या दिवशीं भाजी उत्तम साधे आणि “आई, आणखी एक वाढ” म्हणून आम्ही त्यांच्या हाताची तारीफ करूं, त्या दिवशीं त्यांस रात्रीची शिळी चतकोर आणि चटणी यांवर भागवावें लागे. ती तारीफ त्यांच्या ताटांतून वजा होत असे, हें आम्हांस ठाऊक नव्हतें. ठाऊक करून घेण्याचें कारणही आम्हांस कधीं पडलें नव्हतें, आणि आमचा खरा दोष हाच.

आतां पैस खांबाकडे वळूं. शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० मध्यें, ज्ञानेश्वरांनीं याच गांवीं, या खांबास टेकून गीतेचा अर्थ मराठींत सांगितला आणि सच्चिदानंदबाबांनीं तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. त्या गीतेच्या तिसऱ्या अध्यायांत अन्नासंबंधीं एक कठोर विचार आहे. जो केवळ स्वतःसाठीं शिजवितो तो पाप खातो, आणि जे यज्ञांत अर्पण करून उरलेलें खातात ते पापांतून सुटतात. आमच्याकडे उरलेलें खाण्याला जी पवित्रता आली, ती बहुधा याच विचारांतून आली. गृहिणीनें सर्वांच्या मागून जेवावें, या रूढीचें समर्थनही पुष्कळ वेळां याच आधारावर केलें जातें.

परंतु येथें एक घोटाळा होतो. शेष खाण्याचा तो नियम एका व्यक्तीस लावलेला नाहीं. देव, अतिथि, गाय यांचा वाटा काढल्यावर उरतें तो शेष. आणि तो सगळ्या घरानें खावयाचा आहे. आम्हीं त्याची वांटणी अशी केली कीं घरांतील इतर सर्वांनीं अग्रभाग घ्यावा आणि शेष एकीनेंच खावा. मग जो धर्म सर्वांचा होता तो एकीवर ओझें म्हणून पडला, आणि बाकीचे त्यांतून मोकळे झाले. शिवाय त्याच ग्रंथाच्या सहाव्या अध्यायांत, अति खाणारास योग साधत नाहीं, तसाच मुळींच न खाणारासही साधत नाहीं, असें सांगितलें आहे. केवळ स्वतःसाठीं शिजविणें हें पाप ठरलें. तर मग स्वतःस वगळून इतर सर्वांसाठीं शिजविणें हें पुण्य ठरतें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. दोन्हीं ठिकाणीं हिशेब चुकलेलाच आहे. पहिल्यांत एक माणूस सर्वांस विसरतो, दुसऱ्यांत सर्व माणसें एकीला विसरतात.

मोहिनीराजाची कथा हीच गोष्ट दुसऱ्या बाजूनें सांगते. समुद्रमंथनांतून अमृत निघालें, तेव्हां विष्णूनें मोहिनीचें रूप घेऊन देव व असुर यांच्या पंक्ती बसविल्या आणि वाढप आपल्या हातीं घेतलें. तें वाढप येथेंच झालें, अशी नेवाशाची श्रद्धा आहे. या कथेंत राहूची चर्चा पुष्कळ होते, कारण तो दुसऱ्याच्या पंक्तींत बसून नसलेला वाटा घेऊन गेला. असुरांवर अन्याय झाला कीं काय, याचाही वाद कोणी घालतात. वाढणाऱ्या मोहिनीस काय मिळालें, हें मात्र कोणी विचारीत नाहीं. तें विचारण्याची गरजही नाहीं, कारण मोहिनी म्हणजे प्रत्यक्ष विष्णु. तिला भूक नव्हती. आमची चूक अशी कीं देवळांत ज्या वाढणारीस आम्ही नमस्कार करतों, तिच्यासारखीच घरची वाढणारीही क्षुधारहित आहे असें आम्ही गृहीत धरतों. तिला ‘अन्नपूर्णा’ म्हटलें कीं तिच्या पोटाचा प्रश्न मिटला, असें आम्हांस वाटतें.

यावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्हींत कांहीं तथ्य आहे.

पहिला असा कीं घर म्हणजे दुकान नव्हे. जेथें प्रेम आहे तेथें मोजमाप कशाला? परंतु त्याच घरांत वडिलांच्या तीन मोजल्या होत्या, गायीची एक मोजली होती. तीं मोजतांना प्रेमास बाध आला नाहीं. तर मग सहाव्या माणसाच्या वेळींच प्रेमाला गणिताचें वावडें कां व्हावें? दान द्यावयाचें तर तें आधीं आपलें असावें लागतें. आईच्या ताटांत दोन भाकरी पडल्या आणि त्यांतली एक तिनें भुकेल्या मुलास दिली, तर तो त्याग होय. देणाऱ्यास आणि घेणाऱ्यास दोघांसही तो दिसतो. ज्या भाकरी तिच्या नांवानें थापल्याच गेल्या नाहींत, त्या तिनें दिल्या असें म्हणतां येत नाहीं. त्या तिच्या कधीं नव्हत्याच.

दुसरा आक्षेप टंचाईचा. १९७२ च्या दुष्काळांत या जिल्ह्यानें खडी फोडण्याचीं कामें केलीं, परदेशांतून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी खाल्ल्या, सुकडीवर मुलें जगविलीं. त्या दिवसांत कित्येक माउल्यांनीं स्वतःचा घांस मुलांस दिला, म्हणून तीं तगलीं. त्यांच्याविषयीं अनादराचा एक शब्दही लिहिण्याची आमची योग्यता नाहीं. परंतु आज मुळा धरणाचें पाणी कालव्यानें या तालुक्यांत खेळतें. सोनईस आणि भेंड्यास साखर कारखाने आहेत. जी रीत दुष्काळांत शौर्य होती, ती कोठी भरलेली असतांही चालू राहिली, तर तिला शौर्य म्हणतां येईल काय? संकटाचा नियम सुकाळांत नुसती संवय होऊन बसतो, आणि संवयीला कारण द्यावें लागत नाहीं. मग सून घरांत येते, आणि सासूनें वर्षानुवर्षें सोसलेली ती संवय वारसा म्हणून तिच्या पदरांत पडते.

आश्चर्य हें कीं ज्या सरकारी व्यवहारास आपण कोरडा म्हणतों, तो या बाबतींत घरापेक्षां अधिक नेमका आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानें प्राधान्य कुटुंबांस माणशीं दरमहा पांच किलो धान्य ठरविलें. त्यांत बाई, पुरुष, मूल असा भेद नाहीं. इतकेंच नव्हे, तर अठरा वर्षांवरील सर्वांत वडील स्त्री ही शिधापत्रिकेपुरती कुटुंबप्रमुख मानली. दुकानाच्या तराजूवर तिचे पांच किलो पडतात. ते घरीं येऊन परातींत पडेपर्यंत मात्र तिचें नांव गळून जातें. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरींत भारतांतील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकीं ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. त्याच वयाच्या पुरुषांत हें प्रमाण २५ टक्के होतें. रक्तक्षयाचीं कारणें अनेक आहेत, आणि सर्व दोष ताटांवर लादणें अन्यायाचें होईल. परंतु या अंतरांत ताटांचा कांहींच भाग नाहीं, असेंही आम्हांस छातीवर हात ठेवून म्हणवत नाहीं.

मातोश्री बऱ्या होऊन चुलीपाशीं बसल्या, त्या दिवशीं आम्हीं तेरा भाकरींचें पीठ घेतलें. त्या रागावल्या. अन्न वायां जाईल, म्हणाल्या. आजी कोपऱ्यांत बसून हें ऐकत होत्या, त्या बऱ्याच वेळानें बोलल्या, “माझ्या मी कधीं मोजल्याच नव्हत्या.” त्यानंतर कोणी कांहीं बोललें नाहीं. पहिले कांहीं दिवस दोन्ही भाकरी टोपलींत तशाच राहत, आणि मातोश्री त्या आमच्याकडे पाहत गायीस घालीत. आम्हीं माप बदललें नाहीं. पुढें एक उरूं लागली. पुढें एकही उरेनाशी झाली.

एवढ्यानें स्त्रीवर्गाचा प्रश्न सुटला, असें म्हणण्याचा आमचा अर्थातच हेतु नाहीं. यादी करणें, आठवण ठेवणें, उद्यांची काळजी आज वाहणें हा भार अजून बहुतेक घरांत एकाच डोक्यावर आहे, आणि तो वांटून घेणें हें पुढचें काम आहे. परंतु वांटणीचा आरंभ मोजणीपासून होतो. म्हणून वाचकांस आमची विनंति इतकीच कीं आज संध्याकाळीं पीठ घेतलें जाईल तेव्हां स्वयंपाकघरांत जावें, भाकरी कोणाकोणाच्या नांवानें मोजल्या तें विचारावें, आणि घरांतील माणसांशीं ती बेरीज ताडून पाहावी.