गोळी तेवढी आपली

दक्षिण आफ्रिका किंवा नामिबियातल्या शिकार कंपन्यांच्या वेबसाइटवर एक पान हमखास असतं, दरपत्रकाचं. त्याचे दोन भाग असतात. पहिला रोजचा दर. त्यात राहणं, जेवण, गाडी, परवानाधारक गाइड, माग काढणारा, कातडी सोलणारा असं सगळं आलं. दुसरा भाग ‘ट्रॉफी फी’चा. इथे प्राण्यांची नावं आणि पुढे डॉलरमधले आकडे. इम्पाला, स्प्रिंगबॉक ही हरणं काही शे डॉलरला. पीळदार शिंगांचा कुडू त्याच्या कितीतरी पट. सिंह-हत्तींपर्यंत आलं की शून्यं मोजावी लागतात. आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात एक नियम असतो: प्राणी जखमी होऊन निसटला, तरी तो मारला असं धरून पूर्ण पैसे घेतले जातील.

मला या पानावरची सगळ्यात प्रामाणिक ओळ हीच वाटते. का, ते पुढे सांगतो. आधी मी हे पान का वाचत बसलोय ते सांगायला हवं.

मी शिकारी नाही. पुण्यात बसून सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या टीममधला एक सहकारी टेक्सासला असतो. लहानपणापासून वडिलांबरोबर घराजवळच्या रानात हरणाच्या शिकारीला जाणारा. आता पहिल्यांदाच तो घरापासून लांब, पैसे मोजून, गाइड घेऊन मोठी शिकार करायला जायचं म्हणतोय. इंजिनिअर असल्यामुळे त्यानं अर्थातच एक्सेल शीट केलीय. एका रकान्यात दक्षिण आफ्रिकेतलं खाजगी रान, दुसऱ्यात नामिबिया. विमानभाडं, रोजचा दर, रायफल नेण्याचा परवाना की तिथलीच भाड्यानं घ्यायची, शिंगं घरी पाठवायचा खर्च. शेवटची ओळ ‘ऑब्झर्व्हर’. म्हणजे शिकार न करता नुसता सोबत येणारा माणूस. त्याला दर कमी पडतो. त्यापुढे त्यानं माझं नाव लिहून प्रश्नचिन्ह टाकलंय.

या प्रश्नचिन्हाचं सोपं उत्तर ‘नको रे बाबा’ हे आहे. घरी आईला विचारलं असतं तर तिनं हेच दिलं असतं. पण मला ते इतक्या स्वस्तात देता येत नाही, कारण मी दर रविवारी मटण आणतो. दुकानाबाहेर रांगेत उभा राहतो, ‘सीना-चाप मिक्स’ म्हणतो आणि फोनमध्ये बघत राहतो. बोकड कुठून आला, किती वर्षांचा होता, कसा मेला, यातलं मला काही ठाऊक नसतं. ‘शिकारी माणूस क्रूर असतो’ हे वाक्य माझ्या तोंडी शोभत नाही.

तरी आम्हा दोघांत एक फरक आहे. मटण घेताना मी सगळं स्वतः करतो: निवडतो, पैसे देतो, शिजवतो, खातो. फक्त मारण्याचं काम दुसऱ्याला देतो. गाइड घेऊन जाणारा पाहुणा शिकारी बरोबर उलटं करतो. जनावर कुठे असेल हे गाइडला ठाऊक. माग तिसराच माणूस काढतो. नर पुरेसा म्हातारा आहे का, त्याचा पैदाशीचा काळ संपलाय का, शिंगं कशी आहेत, हे गाइड ठरवतो. वारा बघून कुठून जायचं, हेही तोच. रायफल टेकवायच्या तीन काठ्या तोच उभ्या करतो, अंतर तोच मोजतो, आणि ‘मार’ असंही तोच कानात सांगतो. मेल्यावर कातडी सोलणारा वेगळा. मांस बहुधा तिथल्या लोकांच्या वाट्याला जातं, पाहुणा शिंगं आणि कातडं घेऊन परततो. म्हणजे मारणं सोडून बाकी सगळं दुसऱ्याकडे. मग ‘मी शिकार केली’ या वाक्यातला ‘मी’ नक्की किती?

या प्रश्नाची एक जुनी गोष्ट आहे आणि तिचं खेळणं जगभरच्या लहान मुलांच्या कुशीत असतं. नोव्हेंबर १९०२. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपीच्या जंगलात अस्वलाच्या शिकारीला गेले होते. त्यांचा गाइड होल्ट कॉलियर, गुलामीत जन्मलेला कृष्णवर्णीय माणूस आणि अस्वलांच्या शिकारीत नावाजलेला. कॉलियरच्या कुत्र्यांनी अस्वल हुडकून काढलं, पण तोवर रूझवेल्ट ठरलेली जागा सोडून जेवायला गेले होते. पाहुण्यासाठी अस्वल राखून ठेवणं भाग होतं. अस्वल कॉलियरच्या कुत्र्यावर उलटलं, तेव्हा त्यानं रायफलच्या दस्त्यानं त्याला लोळवलं आणि झाडाला बांधून ठेवलं. रूझवेल्टना बोलावून आणलं. बांधलेलं अस्वल मारायला त्यांनी साफ नकार दिला. यावर व्यंगचित्र निघालं, ब्रुकलिनच्या एका दुकानदारानं कापडी अस्वल विकायला ठेवलं आणि ‘टेडी बेअर’ जन्माला आला.

गोष्ट बहुतेक वेळा इथे थांबते. पुढचा भाग असा की, जखमी अस्वलाला यातनांतून सोडवा असं रूझवेल्टनी सांगितलं आणि ते सुऱ्यानं मारलं गेलं. म्हणजे नकारामुळे अस्वल वाचलं नाही. सगळं कौशल्य कॉलियरचं आणि खेळण्याला नाव पाहुण्याचं. तरीही मला तो नकार पोकळ वाटत नाही. त्या दिवशीच्या सगळ्या उद्योगात खास रूझवेल्टची म्हणावी अशी ती एकच कृती होती. बाकी सगळं त्यांच्यासाठी कुणीतरी करून ठेवलेलं होतं.

हा धंदा आपल्याला परका आहे असं समजू नका. एकेकाळी परदेशी माणूस ‘पहिल्या मोठ्या शिकारीला कुठे जाऊ?’ असं विचारायचा, तेव्हा उत्तरांत नागपूरचंही नाव असायचं. मॉरिस कॉलेजातून पदवी घेतलेल्या विद्याचरण शुक्ल यांनी १९५०च्या दशकात तिथे ऑल्विन कूपर नावाची कंपनी काढली होती, मध्य भारतातल्या जंगलांत शिकारीच्या सफरी घडवणारी. पुढे तेच शुक्ल इंदिरा गांधींच्या मंत्रिमंडळात गेले. त्या काळच्या वाघाच्या शिकारीची रीत ठरलेली होती: मचाण, आमिष म्हणून बांधलेलं रेडकू, नाहीतर हाकारे घालून वाघाला बंदुकीपुढे आणणं. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्या वर्षीच्या गणनेत देशात १,८२७ वाघ उरले होते. ते काही फक्त पाहुण्यांच्या बंदुकीनं संपले नव्हते. जंगलं तुटली होती, गुरांमागे येणाऱ्या वाघांवर विषप्रयोग होत होते. पण हाकाऱ्याला मिळायची ती दिवसाची मजुरी. वाघ पुढच्या वर्षी जिवंत असण्यात त्याचा काही वाटा नव्हता.

नामिबियाचे समर्थक नेमकं याच्यावर बोट ठेवतात. तिथे १९९६ मध्ये कायदा बदलून गावांना आपापल्या भागातल्या वन्यप्राण्यांवर हक्क दिले गेले. त्यातून ‘कॉन्झर्वन्सी’ उभ्या राहिल्या, आज त्यांची संख्या ८० च्या वर आहे. त्यातली न्याए न्याए सान लोकांची, ज्यांचं माग काढण्याचं कसब जगात वाखाणलं जातं. शिकारीचे पैसे कॉन्झर्वन्सीला जातात, त्यातून राखणदारांचे पगार होतात, मांस घरोघरी वाटलं जातं. पाकिस्तानात गिलगिट-बाल्टिस्तानमधल्या मारखोर या रानबकऱ्याच्या शिकारपरवान्याचे ८० टक्के पैसे स्थानिक गावांना मिळतात. एकेक परवाना लाखभर डॉलरच्या पुढे जातो. ज्या गावानं पूर्वी मारखोर खाल्ला असता, ते आता त्याची राखण करतं. उलट बाजूला केनिया. तिथे १९७७ पासून शिकारीला बंदी आहे आणि पर्यटक कॅमेरा घेऊन येतात. पण नामिबियाच्या उजाड, दूरच्या कोपऱ्यांत कॅमेरेवाले फारसे पोचत नाहीत, शिकारी पोचतात.

माझ्या मित्राचा सगळा भर या मुद्द्यावर आहे. मला मुद्दा खरा वाटतो, पण अपुरा. त्यानं व्यवस्थेचं समर्थन होतं, त्याच्या हौसेचं होत नाही. जानेवारी २०१४ मध्ये डॅलसला नामिबियातल्या एका काळ्या गेंड्याच्या शिकारीचा परवाना साडेतीन लाख डॉलरला लिलावात गेला. गेंडे जगवायचेच होते, तर तेवढ्याच रकमेचा चेक देऊन घरी बसता आलं असतं. यावर शिकारी म्हणेल, शिकार नसती तर मी एवढे पैसे दिलेच नसते. हे उत्तर सरळ आहे. पण मग पैशाचा मुद्दा बाजूला ठेवून त्याला सांगावं लागेल की, तिथे जाऊन त्याला नक्की काय हवं आहे.

त्याला विचारलं तर तो शिंगं म्हणणार नाही. पहाटेची थंडी, दिवसभराची पायपीट, प्राण्याच्या बरोबरीनं जागं राहणं, असं काहीतरी सांगेल. मी त्याच्यावर विश्वास ठेवतो. पण हे सगळं खरं ठरायला एक अट आहे: प्राण्याला निसटता आलं पाहिजे. रूझवेल्ट ज्याचे संस्थापक होते, तो १८८७ चा बून अँड क्रॉकेट क्लब याच अटीला ‘फेअर चेस’ म्हणतो.

आता एक्सेल शीटचा पहिला रकाना बघा. दक्षिण आफ्रिकेत १९९१ च्या कायद्यानं, पुरेसं कुंपण असलेल्या जमिनीवरचे वन्यप्राणी जमीनमालकाच्या मालकीचे धरले जातात. त्यातून हजारो खाजगी रानं तयार झाली, शेतजमिनीवर पुन्हा हरणं आली, हे खरंच. पण त्यातच सोनेरी विल्डबीस्ट आणि काळा इम्पाला मुद्दाम पैदास करून विकले जाऊ लागले. काही ठिकाणी पाहुणा यायच्या आधी प्राणी विकत आणून सोडतात. पिंजऱ्यात वाढवलेले सिंह मारण्याचा धंदा इतका माजला की २०२१ मध्ये सरकारला तो बंद करायचं धोरण जाहीर करावं लागलं. कुंपण कितीही लांब असो, ‘शंभर टक्के यशाची खात्री’ असं कंपनी लिहिते, तेव्हा ते रूझवेल्टचं अस्वल आहे. दोरी फक्त लांब आहे.

म्हणून पहिली शिकार निवडताना खरा नैतिक निर्णय रानात होत नाही, तो बुकिंगच्या वेळी होतो. तिथे पोचल्यावर पाचव्या दिवशी, पैसे भरलेले, गाइड घाईला आलेला, समोर जरा तरुण वाटणारा नर आणि कानात ‘मार’. अशा वेळी नवख्या माणसाला ‘नको’ म्हणता येणं जवळजवळ अशक्य. ते म्हणता यावं अशी जागा आधीच निवडावी लागते: जास्त दिवस, कमी प्राणी, रिकाम्या हातानं परतणाऱ्याला अपयशी न मानणारा गाइड. आणि स्वतःच्या नेमाची खात्री, कारण चुकलेल्या गोळीच्या यातना तो प्राणी भोगतो.

इथे मला ती बारीक अक्षरातली ओळ आठवते. दरपत्रकातल्या बाकी सगळ्या ओळी पाहुण्याच्या खांद्यावरचं काहीतरी उतरवून घेतात. ही एकच ओळ त्याला सांगते की गोळी तुझी, तिचं जे होईल तेही तुझं. कंपनीनं ती पैशांसाठी घातली असेल, पण आहे ती बरोबर.

मित्राला मी कळवलंय की दोन्ही कंपन्यांना एकच प्रश्न विचार: ज्या प्राण्यासाठी आले होते तो न मारता गेल्या वर्षी किती पाहुणे परतले? ‘एकही नाही’ असं अभिमानानं सांगतील, तो रकाना खोडून टाक. तिथे मी बघायलाही येणार नाही. नुसतं बघणाराही पैसे देतो, म्हणजे तोही हाकाऱ्यांतच उभा असतो. दुसऱ्या प्रकारचं उत्तर आलं, तर मी तिकिटाचं बघेन. आणि तोवर रविवारच्या रांगेत उभं असताना फोन खिशात ठेवून, बोकड कुठून आला एवढं तरी विचारेन म्हणतो.