जरा हसा बघू!

‘जरा हसा बघू!’ या तीन शब्दांनी जगातलं जितकं हसू मारलं असेल, तितकं दाढदुखीनंही मारलं नसेल. चांगली हसतीखेळती माणसं हे शब्द कानावर पडताच अशी काही दात दाखवतात, की समोर फोटो काढणारा नसून दातांचा डॉक्टर उभा आहे असं वाटावं. मुलांची तर याहून पंचाईत. त्यांना आपणहून हसू येतं तेव्हा आपण ‘फिदीफिदी हसू नकोस’ म्हणून दटावतो, आणि फोटोच्या वेळी ‘हस ना मेल्या, एरंडेल प्यायल्यासारखा काय उभा आहेस?’ म्हणून पुन्हा दटावतो. म्हणजे हसू मुलांचं, पण त्याचं वेळापत्रक आपलं!

फोटोच्या आरंभीच्या काळात निदान ही सक्ती नव्हती. काच कितीतरी सेकंद उघडी ठेवावी लागे आणि तेवढा वेळ हसू टिकवणं कुणाच्याच बापाला शक्य नसे. म्हणून माणसं गंभीर बसत. मान हलू नये म्हणून मागून लोखंडी चिमटा लावत. विलायतेत तर तान्ही मुलं चुळबुळ करतात म्हणून त्यांच्या आईलाच कापडाखाली झाकून खुर्चीसारखी बसवत आणि मूल तिच्या मांडीवर ठेवत. फोटोत मूल स्पष्ट, आई गायब. आपल्याकडे चादर लागत नाही. आई स्वयंपाकघरात असते, म्हणून फोटोत नसते.

फोटो खोटं बोलत नाही, असं आपण ऐकत आलो. माझ्याही डोक्यात ते पक्कं बसलं होतं. गेल्या मे महिन्यात आमच्या सात वर्षांच्या पुतणीनं त्यात भुंगा सोडला.

गुहागरजवळच्या आमच्या घरी मे महिन्यात सगळा गोतावळा जमतो. त्या दिवशी सकाळी पडवीत सगळ्यांचा एकत्र फोटो ठरला. आता आमचे तात्या आणि अण्णा हे दोघे चुलतभाऊ बांधावरच्या हापूसच्या दोन कलमांवरून तीन वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. भांडण इतकं पक्कं आहे, की आंबे वानरं खातात आणि खटल्याचा खर्च हे दोघे करतात. पण मोबाइल रोखून पुतण्या ओरडला, ‘‘तात्याकाका, अण्णाकाका, जरा जवळ सरका, खांद्यावर हात टाका, हसा बघू!’’ आणि काय सांगू, दोघांनी हात टाकले! कलमं एकमेकांना दान केल्यासारखे हसले. टिक्‌ झालं मात्र, हात खाली. एक विहिरीकडे गेला, दुसरा गोठ्याकडे. फोटो मात्र असा झकास आला, की परक्या माणसानं पाहून डोळे पुसावेत.

दुपारी मोठी माणसं आमरसानं आडवी झाली आणि मोबाइल पोरांच्या हाती आला. आमच्या लहानपणी डबा कॅमेऱ्यात बारा फोटोंचा रोल असे. त्यातला एक जरी फोटो वाकडं तोंड करून वाया घालवला, तरी पुढच्या मुंजीपर्यंत ऐकून घ्यावं लागे. या पोरांना रोल नाही, धाक नाही. खळ्यात त्यांनी धाकटीला खराट्यावर बसवून उड्या मारायला लावल्या. सतराव्या उडीला बरोबर क्षण साधला. फोटोत ही बया खराट्यावर बसून जमिनीपासून वीतभर वर, केस उभे, फ्रॉकचा घेर पसरलेला! संध्याकाळी समुद्रावर तर कहरच झाला. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून बसलेला, त्यामुळे मावळता सूर्य पोरांना फुकटच मिळतो. त्यांनी तो तळहातावर घेतला, चिमटीत धरला, एकानं तर लाडू समजून खाल्ला. मग भाच्याला तीस पावलं लांब उभं करून दुसऱ्याच्या तळहातावर ‘ठेवला’. कॅमेऱ्याला एकच डोळा. जवळ-लांब कळायला दोन लागतात, म्हणून तो बिचारा फसतो. ‘मागे हो, आणखी मागे, आता पाय वर घे!’ पोरं हसत होती ती कुणी हसा म्हटलं म्हणून नव्हे, आणि ते सगळं हसू फोटोत आलं होतं.

रात्री हे फोटो आमच्या नव्वदीला टेकलेल्या आत्याला दाखवले. उडता फोटो पाहून तिनं गालावर हात ठेवला. ‘‘अगोबाई, उडतेय की गो ही! उद्या देवळात सगळ्यांना सांगत्ये.’’

धाकटी आधी फुलली, मग हळूहळू कोमेजली. जेवताना गप्प. अंथरुणं घातल्यावर माझ्याजवळ सरकून म्हणाली, ‘‘काका, मी आत्याआजीशी खोटं बोलले का?’’

‘‘तू कुठं काय बोललीस?’’

‘‘तेच ना. मी गप्प बसले.’’

या प्रश्नापुढे भले भले पांगळे झाले आहेत. ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणेपर्यंत धर्मराजाचा रथही जमिनीपासून चार बोटं वर चालत होता. तेवढ्या एका पुटपुटण्यानं तो खाली आला. आमची धाकटी तर वीतभर वर होती. तिच्या पडण्याची मला काळजी वाटली, म्हणून मी तिला एक खरी गोष्ट सांगितली.

इंग्लंडात कॉटिंग्ली नावाचं गाव आहे. १९१७ सालच्या उन्हाळ्यात तिथं दोन मावसबहिणी खेळत असत. थोरली एल्सी सोळा वर्षांची, धाकटी फ्रान्सिस नऊ वर्षांची. धाकटी ओढ्यात पाय भिजवून यायची आणि बोलणी खायची. का जातेस म्हणून विचारलं, तर म्हणाली, पऱ्या बघायला. मोठी माणसं हसली. तेव्हा मुलींनी एल्सीच्या वडिलांचा कॅमेरा मागून घेतला, कागदाच्या पऱ्या कापल्या, टोपीच्या टाचण्यांनी त्या झुडपात उभ्या केल्या आणि फोटो काढला. गंमत तिथंच संपायची. वडिलांचा काही विश्वास बसला नव्हता. पण हे फोटो जाणत्या मंडळींत फिरत फिरत थेट आर्थर कॉनन डॉइल यांच्यापर्यंत गेले. राखेवरून सिगार ओळखणारा शेरलॉक होम्स ज्यांनी घडवला, त्यांना टाचणी दिसली नाही! १९२० च्या डिसेंबरात त्यांनी ते ‘स्ट्रँड’ मासिकात छापले, १९२२ साली पऱ्यांवर पुस्तकच लिहिलं. आता दोन खेडवळ पोरी एवढ्या थोर माणसाला कोणत्या तोंडानं सांगणार, की साहेब, तो कागद आहे? त्या गप्प राहिल्या. त्यांनी कबुली दिली ती १९८३ साली.

‘‘म्हणजे किती वर्षांनी?’’

‘‘सहासष्ट.’’

‘‘मग त्या म्हाताऱ्या झाल्या असतील!’’

‘‘थोरली ऐंशीच्या पुढे गेली होती.’’

धाकटीनं आत्याच्या खोलीकडे पाहिलं आणि पांघरूण डोक्यावर घेतलं. सकाळी चहाआधीच ती आत्यापुढे उभी. ‘‘आत्याआजी, मी उडत नव्हते. ती उडी होती.’’

आत्यानं वाती वळता वळता मान वर केली. ‘‘ठाऊक आहे गो. फ्रॉक वर गेलाय तुझा, म्हणजे खाली येत होतीस. आणि खराट्यावर बसून उडता आलं असतं, तर मी इथं गुडघे चोळत बसल्ये असत्ये होय?’’

धाकटी क्षणभर अवाक् झाली, मग संतापून म्हणाली, ‘‘म्हणजे तू मला फसवलंस!’’

आता बोला! कोणी कोणाला फसवलं? मी तेव्हा एक सिद्धांत मांडून टाकला, की दोघांनाही ठाऊक असेल तर तो खेळ, एकालाच ठाऊक असेल तर ते खोटं. दादासाहेब फाळक्यांनी हे आधीच जाणलं होतं. १९१९ सालच्या ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांनी आपल्या लहान मुलीला, मंदाकिनीला, कृष्ण केलं. पण चित्रपटाच्या आरंभीच त्यांनी तिचे साधे हावभाव दाखवले आणि मग त्याच चेहऱ्याचा कृष्ण केला. बघा बरं का, ही आमची पोर आहे, आता चमत्कार सुरू! प्रेक्षकांचं काही बिघडलं नाही. फाळक्यांच्या पडद्यावरच्या देवांना लोक हात जोडतच राहिले.

सिद्धांत छान होता. अडचण आली ती सकाळच्या फोटोची. तात्या-अण्णांच्या गळामिठीचं खरं रूप घरातल्या बारक्या पोरालाही ठाऊक आहे, म्हणजे माझ्या हिशेबानं तो खेळ ठरायला हवा. पण तो खेळ नाही. कारण तिथं ‘हे खोटं आहे’ असं कुणी म्हणूच शकत नाही. म्हटलं तर भांडण होईल. तेव्हा नुसतं ठाऊक असून भागत नाही, खोट्याला खोटं असं हसत म्हणता आलं पाहिजे. खेळाला बाहेर पडायला दार असतं. कॉटिंग्लीच्या पोरींनी खेळच मांडला होता, पण शहाण्यासुरत्या माणसांनी इतक्या आदरानं ते दार लावून घेतलं, की पोरी आत राहिल्या. पोरांना खरं बोलायला शिकवा, असं आपण म्हणतो. त्यांना ते येतंच. आपण दारातून बाजूला व्हायचं असतं. आत्या झाली. एक रात्र उशिरा झाली, एवढंच.

आत्याला मोबाइल धरवत नाही, म्हणून दोन फोटो चिपळूणहून छापून आणले. उडत्या फोटोच्या पाठीवर धाकटीनं पेन्सिलीनं लिहिलं, ‘हा खोटा फोटो आहे. मी उडी मारली होती.’ आत्या तो येईल-जाईल त्याला दाखवते. आधी पुढून, मग मागून. दुसरा, सगळ्यांचा, चौकट करून माजघरात लावला आहे. त्याच्या पाठीवर अजून कुणी काही लिहिलेलं नाही. जागा भरपूर आहे.