लखोटा आणि दवंडी

एप्रिल २०१६ मध्ये आपल्यापैकी बहुतेकांच्या फोनवर एक छोटी चौकट येऊन गेली. यापुढे तुमचे संदेश आणि कॉल पाठवणारा व घेणारा या दोघांपुरतेच राहतील, मधल्या कोणालाही, खुद्द व्हॉट्सॲप कंपनीलाही, ते वाचता-ऐकता येणार नाहीत, अशा अर्थाचा मजकूर तिच्यात होता. आम्ही राहतो त्या म्हसावदात (शहादा तालुक्यातले म्हसावद, जळगावकडचे रेल्वे स्टेशन असलेले नव्हे) ती चौकट किती जणांनी वाचली असेल, देव जाणे. मोबाइलच्या दुकानात पोराने नवे व्हर्जन टाकून दिले, फोटो लवकर जाऊ लागले, आणि मंडळी बाजाराला निघून गेली.

पण जे घडले ते लहान नव्हते. त्याच्या दोनच वर्षे आधी, २०१४ मध्ये, 'ब्लॅकफोन' नावाचा गुप्त संभाषणाचा फोन बाजारात आला होता आणि त्याची किंमत सहाशे डॉलरच्या वर होती. जे बड्या उद्योगपतीला आणि मुत्सद्द्याला पैसे मोजून घ्यावे लागत होते, ते सातपुड्याच्या पायथ्याच्या शेतमजुराला एका रात्रीत फुकट मिळाले. गुप्तलिपीला युरोपात 'सायफर' म्हणतात. तो शब्द शून्यासाठीच्या अरबी 'सिफ्र' या शब्दावरून गेला आहे. आणि गुप्तलिपी फोडण्याची पहिली शास्त्रशुद्ध रीत लिहून ठेवली ती नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीने. कोणते अक्षर किती वेळा येते हे मोजत जायचे, की लिपी आपोआप बोलू लागते. म्हणजे कुलूप करणे आणि कुलूप उघडणे, दोन्ही विद्या आपल्याला परक्या नाहीत.

आमचा प्रश्न विद्येचा नाही, जबाबदारीचा आहे. बंद पाकिटातून विष गेले, तर ते पाकीट वाहून नेणाऱ्याचा त्यात दोष किती? आणि विष शोधायचे म्हणून सगळ्यांची पाकिटे उघडण्याचा हक्क कोणाला पोहोचतो काय?

हा प्रश्न दिल्लीच्या न्यायालयात किंवा अमेरिकेतल्या कंपनीच्या कचेरीत जन्मलेला नाही. त्याचे एक टोक आमच्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात आहे. साक्री तालुक्यातील राईनपाडा. १ जुलै २०१८, रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे भिक्षेकरी पोटापाण्यासाठी या भागात आले होते. त्यांच्यापैकी पाच जण बाजारात उतरले. एका लहान मुलीशी बोलताना कोणी त्यांना पाहिले. 'मुले पळवणारी टोळी' हे शब्द महिनाभर फोनाफोनांतून फिरतच होते. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जिवे मारले. पाच माणसे. त्यांच्या पिढ्या गावोगाव फिरून भिक्षा मागत आल्या होत्या. अनोळखी असणे हीच ज्यांची रोजीरोटी, त्यांना अनोळखी असल्याबद्दल मरण आले.

त्या काळात देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक मूळची कराचीची होती. मुलांच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या तिथल्या एका संस्थेने ती जनजागृतीसाठी बनवली होती. मोटारसायकलवरून दोघे येतात, मुलाला उचलतात, आणि शेवटी त्याला परत आणून सोडतात व फलक दाखवतात की मूल पळवणे किती सोपे आहे ते पाहा, सावध राहा. कोणीतरी तो शेवट कापून टाकला. उरलेले काही सेकंद हिंदुस्थानभर फिरले. ज्याने शेवट कापला त्याचे नाव आजही कोणाला ठाऊक नाही, आणि ज्यांनी तो तुकडा पुढे पाठवला त्यांची गणती कोण करणार?

हे सारे 'त्यांच्या' गावात घडले, असे म्हणून आपल्याला मोकळे होता येणार नाही. त्याच रात्री मालेगावात, आझादनगर भागात, दोन वर्षांच्या मुलासह एका कुटुंबाला जमावाने मुले पळवणारे म्हणून घेरले होते. पोलिसांनी त्यांना मोठ्या मुश्किलीने वाचवले. त्या भागातील वस्ती कोणाची आहे हे या अंकाच्या वाचकांना आम्ही सांगायला नको. मे २०१७ मध्ये झारखंडात अशाच अफवेपायी सात जण मारले गेले. त्यांत गुरांचा व्यापार करणारे मुसलमान होते, तेव्हा आपण शोकसभा घेतल्या आणि ते योग्यच होते. पण अफवेला जात-धर्म नसतो. ती आज ज्याला मारते, त्याच्याच मोहल्ल्यातून उद्या दुसऱ्याला मारायला निघते.

आता कंपनीचे म्हणणे ऐकू. ती म्हणते, आम्ही टपालवाले. लखोट्यात काय आहे ते आम्हाला दिसत नाही आणि दिसूही नये. यातला दुसरा भाग आम्हाला पूर्ण मान्य आहे. पहिला नाही. टपालवाला एक पत्र एका घरी देतो. तो त्या पत्राच्या नकला काढून दारोदार टाकत नाही. एका बोटाने तोच मजकूर शेकडो जणांच्या हाती देण्याची सोय जिथे आहे, तिथे पत्र संपते आणि दवंडी सुरू होते. दवंडीवाला ढोल वाजवून, चौकात उभा राहून, स्वतःचे तोंड दाखवून बोलत असे. पाटलाला विचारता येत असे, ही दवंडी कोणी द्यायला सांगितली? या यंत्राने दवंडीला लखोट्यात घातले. ऐकणाऱ्याला वाटते, हे माझ्या मेहुण्याने खास मला कळवले आहे. म्हणून त्यावर विश्वास बसतो. आमच्या मते सगळ्या अनर्थाचे मूळ या घोटाळ्यात आहे, कुलपात नाही.

कंपनीला हे उशिरा का होईना समजले. राईनपाड्यानंतर जुलै २०१८ मध्ये पुढे पाठवलेल्या संदेशावर तशी खूण येऊ लागली आणि भारतात एका वेळी पाचच जणांना किंवा गटांना पुढे पाठवण्याची मर्यादा आली. जानेवारी २०१९ पासून ती जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये, जो मजकूर आधीच अनेक हातांतून आला आहे तो एका वेळी एकालाच पाठवता येईल असे झाले. हे करताना कंपनीला एकही पाकीट उघडावे लागले नाही. किती हातांतून आला एवढेच ॲप मोजते, काय आला ते कंपनीला कळत नाही. मग हा लगाम आधी का नव्हता? झारखंडची प्रेते मे २०१७ मध्ये पडली होती. राईनपाडा चौदा महिन्यांनी झाला. कंपनीचा गुन्हा पत्र न वाचण्याचा नव्हे. उतारावरच्या गाडीला ब्रेक बसवता येत असताना तिने चौदा महिने वाट पाहिली, हा आहे. आणि पुढचीही गंमत पाहा. एका हाताने लगाम खेचणाऱ्या याच कंपनीने २५६ जणांचा गट २०२२ मध्ये १०२४ जणांचा केला.

सरकारने वेगळा रस्ता धरला. फेब्रुवारी २०२१ च्या नियमांत मोठ्या संदेश-कंपन्यांनी, न्यायालयाने किंवा अधिकृत यंत्रणेने आदेश दिल्यास, मजकूर पहिल्यांदा पाठवणारा कोण हे शोधून द्यावे असे म्हटले. व्हॉट्सॲप मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयात गेले. एप्रिल २०२४ मध्ये तिच्या वकिलांनी न्यायालयाला सांगितले की कुलूप तोडायला लावलेत तर आम्हाला या देशातून जावे लागेल. वरवर पाहता सरकारचे म्हणणे रास्त वाटते. आग लावणारा कोण, हे विचारू नये काय?

इथे आम्हाला हदीसशास्त्रातील इस्नाद आठवते. अमक्याने तमक्याकडून ऐकले, त्याने अमक्याकडून, अशी नावांची साखळी आणि त्या प्रत्येक नावाच्या सचोटीची चौकशी. खबर सांगायची तर साखळीसकट सांगा, ही शिस्त आपल्याच परंपरेने घालून दिली. मग सरकार इस्नादच मागते आहे, असे कोणी म्हणेल. पण इस्नाद होती ती समाजापुढे ठेवलेल्या कथनासाठी. नवरा-बायकोच्या, मित्रामित्रांच्या, वकील-अशिलाच्या बोलण्याला कोणी इस्नाद मागितली नव्हती. पहिला पाठवणारा शोधायचा, तर प्रत्येक संदेशावर, खाजगीतल्या खाजगी संदेशावरही, पुढे कधी लागलाच तर म्हणून ठसा मारून ठेवावा लागेल. एक दवंडीवाला शोधण्यासाठी कोट्यवधी लखोट्यांची नोंद ठेवावी लागेल.

सूरह हुजुरातमध्ये ही दोन्ही कर्तव्ये सहा आयतींच्या अंतराने आली आहेत. सहाव्या आयतीत बातमीची शहानिशा करण्याची ताकीद आहे, नाहीतर अजाणता कोणाला इजा कराल आणि पस्तावाल. बाराव्या आयतीत एकमेकांच्या गोष्टी हुडकत फिरण्यास मनाई आहे. आम्हाला यात विरोध दिसत नाही. शहानिशा करायची ती ऐकणाऱ्याने, आपल्या हाती आलेल्या बातमीची. दुसऱ्याच्या घरात डोकावून नव्हे. हजरत उमर यांच्याबद्दल एक कथा सांगितली जाते. रात्री गस्त घालताना ते एका घराची भिंत चढून आत गेले आणि एकाला मद्यपान करताना पकडले. तो म्हणाला की माझा एक गुन्हा, तुमचे तीन: हेरगिरी केलीत, दार सोडून भिंतीवरून आलात, परवानगी घेतली नाहीत. खलिफा परत फिरले. कथेच्या सनदेची चर्चा उलेमांनी करावी. राज्यकर्ता भिंतीपाशी थांबला, हे पिढ्यान्‌पिढ्यांना सांगण्याजोगे वाटले, एवढे आम्हाला पुरेसे आहे.

आणि पहिला लिहिणारा सापडला म्हणजे न्याय होतो, हा भरवसा तरी कशाच्या जोरावर? नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या एका मुस्लिम मुलीने बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या. तिच्या मैत्रिणीने त्या पसंत केल्या. लिहिणारी कोण हे शोधायला काहीच कुलूप तोडावे लागले नाही. दोघींना अटक झाली, चुलत्याच्या दवाखान्याची मोडतोड झाली. ज्या कलम ६६-अ खाली असे खटले होत, ते सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केले. उलट राईनपाड्यात पोलिसांनी माणसे ओळखली ती जमावातल्याच लोकांनी काढलेल्या चित्रणांवरून. मारणारे फोन उंच धरून उभे होते. त्यांना लपायचेच नव्हते.

'लपवण्यासारखे काही नसेल तर भीती कसली?' हे वाक्य आम्ही पोलीस पाटलापासून प्राध्यापकांपर्यंत सगळ्यांकडून ऐकले आहे. ज्याच्या नावावरून संशय घेतला जात नाही, त्याला ते सहज म्हणता येते. आमच्याच शहादा तालुक्यातील टेंभली गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिला आधार क्रमांक रंजना सोनवणे यांना मिळाला. बोटांचे ठसे आणि डोळे देणारे पहिले लोक इथले गरीब आदिवासी होते. त्याच आधारविरुद्ध निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांनी दाद मागितली आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. दिल्लीत त्या निकालाचे पेढे वाटले गेले असतील. टेंभलीला आणि म्हसावदला तो रेशनच्या यंत्रावर अंगठा न उमटल्यावरच आठवायचा. पूर्वी पत्रे उघडण्याचा अधिकार वाढवणारे टपाल विधेयक १९८६ मध्ये संसदेने मंजूर केले, तेव्हा राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सहीच केली नाही. आज असा थांबणारा हात कोणाचा?

मात्र सरकारला भिंत दाखवताना आपल्या घरातली भिंतही पाहायला हवी. आपल्या मोहल्ल्यात किती मुलींच्या फोनचे पासवर्ड भावाला ठाऊक असतात? किती सुनांचा फोन सासूच्या उशाखाली असतो? बहिणीचे संदेश वाचणे ही काळजी आणि सरकारने आपले वाचणे हा जुलूम, असा हिशेब आम्हाला पटत नाही. दुरुस्तीला फोन देताना कुलपाचा आकडा कागदावर लिहून देणारे आपणच, आणि त्या दुकानातून कोणाचे फोटो कुठे गेले याची कुजबूज करणारेही आपणच. या हक्काची सवय घरात लागली नाही, तर न्यायालयाने दिलेला हक्क कागदावरच राहील.

आमच्या मोहल्ल्याच्या गटात गेल्या रमजानपासून एक रीत पडली आहे. पुढे पाठवलेला कोणताही मजकूर टाकला, तर खाली एक ओळ लिहायची: मला हे अमुककडून आले, मी स्वतः पाहिले किंवा पाहिले नाही. पहिल्या आठवड्यात फार वाद झाला. दोघे-तिघे रागावून गट सोडून गेले. बाकीचे लिहितात. रोजचे साठ-सत्तर संदेश येत, ते आता दहा-बारा येतात.