मी तेल बदलतो

माणसाने आयुष्यात एकदा तरी मोटारीखाली जावे, असे माझे अलीकडे मत झाले आहे. अर्थात स्वेच्छेने, उताणे पडून आणि मोटार उभी असताना. वरून दिसणारी मोटार निराळी आणि खालून दिसणारी निराळी. माणसांचेही तसेच असते. पण माणसांच्या खाली शिरून बघायची सोय नसते.

मोटार माझी नव्हे, आमच्या चिरंजिवांची. २०२२ साली ते परदेशी गेले आणि जाताना ती आमच्या पार्किंगमध्ये ठेवून गेले. सात माणसे बसतील अशी, काळी, जर्मन बनावटीची, डिझेलवर चालणारी. "बाबा, अधूनमधून फिरवत जा," म्हणाले. आम्ही नवराबायको दोघे. भाजी आणायला निघालो की पाच जागा रिकाम्या जातात. चढताना हिला हाताला धरून वर घ्यावे लागते, तेव्हा एस.टी.ची आठवण येते. माझा यंत्रविद्येचा आजवरचा अनुभव म्हणजे एक जुनी बजाज स्कूटर. तिच्या इंजिनाचे तेल बदलण्याचा प्रश्नच नव्हता. ते पेट्रोलमध्येच ओतायचे आणि धूर करून मागच्या माणसाच्या तोंडावर सोडायचे. चालू झाली नाही तर आडवी करायची, की झाली चालू. जर्मन मोटार आडवी करता येत नाही.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी तेल बदलायची वेळ आली. एका मोठ्या वर्कशॉपात चौकशी केली. त्यांनी थंडगार खोलीत बसवून कॉफी दिली आणि मग आकडा सांगितला. कॉफी आधी का देतात ते तेव्हा कळले. बँकेने मला नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत मिळूनसुद्धा तेवढा पगार दिला नव्हता. म्हणून साडेआठ लिटर तेल आणि एक फिल्टर स्वतः विकत आणून मी मागच्या गल्लीतल्या गॅरेजात गेलो. तिथल्या एकोणीस-वीस वर्षांच्या पोराने कामाला हात घातला आणि मी समोर चहा प्यायला गेलो. चहाला बँकेतला जुना मित्र भेटला. दोन पेन्शनर भेटल्यावर चहा किती वेळ चालतो हे मी सांगायला नको. परत आलो तेव्हा काम झाले होते.

दोन दिवसांनी आम्ही सासवडला जाऊन आलो. घरी येऊन सहज डिपस्टिक ओढून पाहिली, तर तेल काळे! काळे म्हणजे निव्वळ काजळ. मी आणलेले तेल मधाच्या रंगाचे होते. मी तडक गॅरेजात गेलो. तिथे चार गिऱ्हाइके उभी होती, हे मला त्या वेळी फार सोयीचे वाटले.

"तू तेल बदललंच नाहीस," मी म्हणालो.

"बदललं काका. डिझेलचं तेल असंच होतं."

"मला शिकवू नकोस."

वास्तविक, त्या विषयात मला शिकवण्यासारखे पुष्कळ होते. शेठने एकदा पोराकडे पाहिले, एकदा माझ्या गाडीकडे पाहिले आणि गाडी मोठी असल्यामुळे माझ्यावर विश्वास ठेवला. पोराच्या पगारातून दीड हजार रुपये कापले. दिवाळी दहा दिवसांवर होती. "तो तुमचा आपसातला प्रश्न आहे," असे म्हणून मी घरी आलो आणि न्यायाच्या आनंदात दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. तेल बदललेच नाही अशी जर माझी खात्री होती, तर ते मी ताबडतोब दुसरीकडे बदलून घ्यायला हवे होते. नाही घेतले. साडेआठ लिटर तेलाची किंमत आठवली आणि माझी खात्री जरा पातळ झाली. म्हणजे पोराला शिक्षा देण्याइतकी खात्री होती. स्वतः पैसे खर्च करण्याइतकी नव्हती. अशी खात्री समाजात बरीच आढळते.

यंदा मी जाहीर केले, "मी स्वतः तेल बदलणार."

"मग नंतर गॅरेजात कोण नेणार?" ही म्हणाली.

अभ्यासाला लागलो. रुडॉल्फ डिझेलने आपले इंजिन १८९७ साली जर्मनीत आउग्सबुर्गला यशस्वीपणे चालवून दाखवले. पुढे १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात एक डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवले होते, हेही मी हिला वाचून दाखवले. "मग त्याला फोडणीही द्या," एवढेच म्हणून ती आत गेली. पण जाताना गोडेतेलाचा डबा उचलून वरच्या फळीवर ठेवला.

कृती सोपी आहे. इंजिन थोडे गरम करायचे, म्हणजे तेल पातळ होते. खालचे झाकण काढायचे, त्यावरचा बोल्ट सोडायचा, तेल परातीत धरायचे. वरून फिल्टर बदलायचा, खालून नवा तांब्याचा वॉशर घालून बोल्ट आवळायचा आणि नवे तेल ओतायचे. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नये, असे सगळीकडे बजावलेले असते. माझी अंगकाठी बँकेच्या खतावणीसारखी सडपातळ, त्यामुळे मी जॅकशिवायच आत गेलो. अडचण झाली ती बोल्टची. जर्मनीत आवळलेला बोल्ट सदाशिव पेठेतला माणूस सोडतो आहे याची त्याला कल्पना नसावी. तो सुटला तेव्हा एकदम सुटला. पहिले अर्धा लिटर तेल माझ्या बाहीत गेले, पुढचे परातीत. त्या दिवसापासून ती परात माझी.

आणि मग तो प्रसंग घडला, ज्याच्यासाठी हा लेख लिहितो आहे. नवा वॉशर हातातून सुटला आणि घरंगळत गटाराच्या जाळीतून खाली गेला. तांब्याची एक बारीकशी चकती. किंमत वीस-पंचवीस रुपये. पण दुकान चार किलोमीटरवर, गाडीतले तेल परातीत, अंगावरचे कपडे न सांगण्याजोगे. जुना वॉशर बोल्टला चिकटलेला होता. चेपलेला, पण होता. मी मान वळवून पाहिले. डावीकडे चाक, उजवीकडे चाक, वर इंजिन. कुणी बघत नव्हते. तोच जुना वॉशर घालून मी बोल्ट आवळला. बाहेर येऊन हिला म्हणालो, "सगळं अगदी पुस्तकाबरहुकूम केलं."

दुसऱ्या दिवशी मोठ्या अभिमानाने हिला सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत फिरवून आणले. परत आल्यावर डिपस्टिक काढली. तेल काळे. तेच काजळ. गेल्या वर्षीचेच.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त इंजिनियर राहतात. त्यांच्याकडे धावलो. ते शांतपणे म्हणाले, "अहो, डिझेल जळताना काजळी धरतं. ती थोडी तेलात उतरते. तेलात अशी द्रव्यं घातलेली असतात, की ती काजळीला खाली बसू देत नाहीत, तेलातच तरंगती ठेवतात. शिवाय जुनं तेल शेवटच्या थेंबापर्यंत कधी निघत नाही. काळं झालं म्हणजे तेल काम करतंय. डिझेलमध्ये दोन दिवसांनी ते मधासारखं राहिलं असतं, तर मी चकित झालो असतो."

मी जिना उतरून आलो आणि पायरीवरच बसलो.

चौतीस वर्षे बँकेत काढली. सही जुळली नाही तर सख्ख्या भावाचा चेक परत केला. दहा पैशांच्या फरकासाठी रात्री नऊपर्यंत व्हाउचरे उपसली. आणि एका पोराला मात्र व्हाउचर न मागता गुन्हेगार ठरवले. का? माझ्या गाडीखाली तो एकटा होता आणि मी चहा पीत होतो म्हणून. जे आपण पाहिले नाही, तिथे लबाडी झालीच असणार, असे आपण धरून चालतो.

मनातला वकील लगेच उठला. म्हणाला, "काळ्या तेलाने एवढंच सिद्ध झालं, की काळं तेल हा पुरावा नव्हे. पण पोराने तेल बदललं होतं, हे कुठं सिद्ध झालं? मग माफी कशाची?" मुद्दा बिनतोड होता. मला आजही ठाऊक नाही. पण मला एक दुसरी गोष्ट पक्की ठाऊक होती. त्याच अंधारात, त्याच बोल्टपाशी, कुणी बघत नसताना मी काय केले, ते. त्याच्याविषयी शंका होती आणि माझ्याविषयी खात्री. शिक्षा मात्र शंकेला झाली होती आणि खात्री सिंहगडाला फिरून आली होती.

तरीही मी लगेच गेलो नाही. चांगुलपणाला आमच्याकडे कुणीतरी मागून ढकलावे लागते. ते काम परातीतल्या आठ लिटर तेलाने केले. त्याचे काय करायचे यावर सोसायटीत सभाच भरली. एक म्हणाले, दाराच्या चौकटींना फासा, वाळवी लागत नाही. दुसरे म्हणाले, गटारात ओता, कोण बघतंय! "कोण बघतंय" हे ऐकल्यावर माझ्या पोटात कसेसेच झाले. सरकारच्या २०१६ सालच्या नियमांत वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते. आणि आमचे गटार शेवटी मुठेलाच भेटते. शेवटी ते डब्यांत भरून मी गॅरेजात नेले. तिथे असले तेल पिंपात साठवून, ते शुद्ध करणाऱ्यांकडे पाठवतात.

पोरगा तिथे नव्हता. दिवाळीनंतर सोडून गेला, आता पुलापलीकडे एका टायरवाल्याकडे असतो, असे कळले. गेलो. तो चाकाला ठिगळ लावत होता. मला बघून उठला नाही. आणि उठावे तरी का?

"माझं चुकलं बाबा," मी म्हणालो. "तेल काळं होतंच. मला माहीत नव्हतं." आणि दीड हजार रुपये पुढे केले.

त्याने पैसे घेतले, मोजले आणि खिशात ठेवले. मग म्हणाला, "काका, मला सांगून काय उपयोग? मला ठाऊकच होतं. शेठला सांगा."

एवढे एक वाक्य. पण आरोप चार गिऱ्हाइकांसमोर करायचा आणि माफी टायरच्या ढिगाआड मागायची, हा हिशेब माझ्या बँकेतल्या कुठल्याही खात्यात बसला नसता. मी परत गॅरेजात गेलो. गिऱ्हाइके नव्हती. गेल्या वर्षी मला गर्दी हवी होती. या वेळी नाही हे बघून बरे वाटले, आणि बरे वाटल्याबद्दल वाईट वाटले. म्हणून थांबलो. दोन स्कूटरवाले आणि एक रिक्षावाला जमल्यावर बोललो. शेठ म्हणाले, "साहेब, एवढं काय त्यात!" रिक्षावाला मात्र माझ्याकडे बघत राहिला. ते पुरे होते.

पुढच्या रविवारी पोरगा घरी आला. बोलावले मीच होते. गाडीखालच्या वर्तमानपत्रावर तेलाचा एक डाग पडला होता. डाग बघून त्याने विचारले, "काका, वॉशर नवा टाकला होता ना?"

ही शेजारीच उभी होती.

"नाही," मी म्हणालो.

तो हसला. खिशातून नवा वॉशर काढला आणि खाली शिरला. ही आत जाऊन चहा घेऊन आली. गाडीखालून आवाज आला, "काका, बघायचंय ना? या, दाखवतो."

"तुझं चालू दे," मी म्हणालो, आणि खुर्ची फिरवून, गाडीकडे पाठ करून चहा प्यायलो.