खोकला नसलेला माणूस

पहाटे नेवाशाच्या ज्ञानेश्वर मंदिरात गेलं की माणसं आधी खांबाला हात लावतात. शके १२१२ मध्ये याच खांबाला टेकून ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरी सांगितली, ही इथली श्रद्धा. खांबाचं नाव पैस. दुर्गाबाई भागवतांना हे नाव इतकं भावलं की आपल्या ललितलेखांच्या पुस्तकालाही त्यांनी तेच दिलं. पैस म्हणजे विस्तीर्ण, मोकळं. ‘ऐसपैस’ म्हणताना आपण तो शब्द रोज उच्चारतो.

देवळातून निघून भेंड्याच्या किंवा सोनईच्या वाटेला लागलं, की हंगामात उसाने लादलेल्या गाड्या भेटतात आणि पुढे कुठेतरी ऊसतोड कामगारांचा तळ. त्यांच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, शिरायचं तर वाकावं लागतं. बांबूच्या कमानी, वर पाचट नाहीतर प्लास्टिकचा कागद, एकच दार. थंडीत त्या दारावरही पोतं सोडलेलं. आत नवरा-बायको, लेकरं, कधी सोबत आलेली म्हातारी. सगळे रात्रभर एकमेकांच्या श्वासात झोपतात. ऐसपैस हा शब्द त्या दारातून आत जात नाही, क्षयाचा जंतू मात्र जातो. त्याला कोंडलेली हवा आणि अर्धपोटी अंग, एवढंच लागतं.

क्षयाची लक्षणं आपल्याला तोंडपाठ आहेत. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, घटणारं वजन. हे पाठांतर उगाच झालेलं नाही. १९६३ साली डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांचा तुमकूर जिल्ह्यातल्या खेड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. क्षय असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसं आपला त्रास घेऊन आधीच कुठल्या ना कुठल्या दवाखान्याच्या पायरीपर्यंत गेलेली होती. मग दारोदार कशाला हिंडायचं, दाराशी आलेल्याला तरी नीट तपासा, हा त्यातून निघालेला धडा. त्या काळाला तो शहाणपणाचाच होता. पण पुढची कितीतरी वर्षं आपण खोकल्याचीच वाट पाहत बसलो.

मग २०१९ ते २०२१ या काळात देशभर क्षयाची राष्ट्रीय पाहणी झाली. पंधरा वर्षांवरच्या माणसांना लक्षणं विचारली, आणि लक्षण असो वा नसो, छातीचा एक्स-रेही काढला. थुंकीत जंतू सापडलेल्या शंभरांतले सुमारे ४३ जण असे निघाले, की एक्स-रे काढला नसता तर ते हातून निसटले असते. विचारलं तेव्हा त्यांनी नाही म्हणूनच सांगितलं होतं, आणि ते खरंच सांगत होते. माणूस लपवत नव्हता. त्याला कळलेलंच नव्हतं.

हा आकडा वाचल्यापासून माझ्या मनात तळावरचा तो धडधाकट गडी उभा आहे. पहाटे अंधारात कोयता घेऊन निघणारा, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढणारा. त्याला काय विचारणार?

७ डिसेंबर २०२४ला देशात शंभर दिवसांची क्षयमोहीम सुरू झाली, तेव्हा जोखमीच्या गटांतल्या लोकांची लक्षणं नसतानाही तपासणी करायचं ठरलं. हातात धरून चालवता येणारी एक्स-रे यंत्रं आता वस्तीपर्यंत नेता येतात. छातीत डाग दिसला म्हणजे क्षयच, असं नाही. जुन्या आजाराचा वणही तसाच दिसू शकतो. म्हणून पुढे थुंकी तपासावी लागते, आणि त्यासाठीचं ट्रूनॅट हे यंत्र तर आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कंपनीचं आहे. साधनं आहेत. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी, माणसाच्या भीतीपाशी.

आपल्याकडे निरोग्यांची तपासणी म्हटली की १८९७चं पुणंही आठवतं. प्लेगच्या नावाखाली सैनिक घराघरांत शिरले, धडधाकट बायामाणसांचीही झडती झाली. लोकांनी ती तपासणी मानली नाही, अपमान मानला. त्याच वर्षी सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्या आजाराने गेल्या. दोघंही प्लेगलाच भिडायला निघाले होते. सैनिकांनी माणसाला विचारलं नाही, सावित्रीबाईंनी त्याला उचलून घेतलं.

तळावरच्या गड्याची भीती आज वेगळी आहे. आजार निघाला तर मुकादम घरी धाडेल, ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची कामाची जोडी मोडेल आणि आगाऊ घेतलेली उचल मात्र डोक्यावर राहील. ही भीती अडाणीपणाची नाही, हिशेबाची आहे. तो छाती दाखवतो तेव्हा त्याला स्वतःला काहीच होत नसतं. कोपीतल्या लेकरांसाठी आणि शेजारच्या कोपीसाठी तो ही जोखीम घेतो. म्हणजे तपासून घेणं हे त्याने फेडायचं देणं नाही, ते त्याने आपल्याला दिलेलं दान आहे. ज्याने मागितलं, त्याने परतफेडही केली पाहिजे. तपासणीचा निकाल त्याच्या हातात, त्याच्या भाषेत, आणि फक्त त्याच्याच कानावर पडला पाहिजे. औषध सहसा सहा महिन्यांचं, हंगाम पाच-सहा महिन्यांचा. जानेवारीत इथे सापडलेला रुग्ण पाडव्याच्या सुमाराला बीडकडच्या किंवा पाथर्डीकडच्या आपल्या गावी परतलेला असेल. क्षयरुग्णांच्या नोंदी ठेवणाऱ्या सरकारी निक्षय प्रणालीत त्याची नोंद गावच्या दवाखान्याकडे वळवता येते. ती वळवली गेली का, हे इथल्या माणसाने फोन करून विचारायचं असतं. नोव्हेंबर २०२४पासून उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला हजार रुपये मिळतात. तेही त्याच्या खात्यावर पोचले पाहिजेत.

यातलं निम्मं काम सरकारचं नाहीच, ते तालुक्यातल्या आपल्या सगळ्यांचं आहे. मुकादमांनो, बागायतदारांनो, तळावर तपासणीची गाडी येईल त्या दिवशी अर्धा दिवस कोयता थांबू द्या, आणि त्या अर्ध्या दिवसाची मजुरी कापू नका. कुणाच्या छातीत डाग निघाला, तर त्याच्या उचलीचा विषय औषध संपेपर्यंत काढू नका.