थांबण्याची किंमत

२००३ सालच्या एप्रिल महिन्यात अमेरिकन एअरलाइन्सच्या हजारो कर्मचाऱ्यांनी स्वतःचाच पगार कमी करून घेण्याच्या बाजूने मतं दिली. वैमानिकांनी २३ टक्के कपात पत्करली. केबिन क्रू, मेकॅनिक आणि सामान चढवणारे-उतरवणारे कामगार यांनी सुमारे १६ टक्के. कंपनीला वर्षाला १८० कोटी डॉलरची बचत हवी होती आणि तिचा बहुतेक भार या सगळ्यांच्या मिळून तीन युनियनांनी उचलला.

संकट खोटं नव्हतं. २००२ या एका वर्षात कंपनीला साडेतीनशे कोटी डॉलरचा तोटा झाला होता. ११ सप्टेंबर २००१ नंतर प्रवासी घटले होते, आणि मार्च २००३ मध्ये इराकचं युद्ध सुरू झालं तेव्हा उरलेसुरलेही घरी थांबले. ११ सप्टेंबरला अपहरण झालेल्या चार विमानांपैकी दोन याच कंपनीची होती. फ्लाइट ११ मधल्या बेटी ऑंग आणि एमी स्वीनी या दोघी हवाई सेविकांनी मागच्या बाजूने फोन लावून, अपहरणकर्ते कोणत्या सीटवर बसले होते इथपर्यंत सगळं जमिनीवरच्या सहकाऱ्यांना सांगितलं होतं. त्यांच्याच बरोबरीच्या माणसांसमोर दीड वर्षाने मतपत्रिका आली. कंपनीने सांगितलं, होकार द्या, नाहीतर दिवाळखोरीचा अर्ज तयार आहे. केबिन क्रूचा कौल आधी नकाराचा आला. मग मुदत एका दिवसाने वाढवली गेली आणि निसटता होकार मिळाला.

मतदान आटोपत होतं त्याच सुमारास कंपनीचा वार्षिक अहवाल शेअर बाजाराच्या नियामकाकडे दाखल झाला. त्यात दोन गोष्टी होत्या. मोजक्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी जानेवारी २००५ पर्यंत नोकरी सोडली नाही, तर त्यांना मूळ पगाराच्या दुप्पट रक्कम मिळणार होती. आणि ४५ अधिकाऱ्यांच्या जादा पेन्शनसाठी ४ कोटी १० लाख डॉलर एका वेगळ्या विश्वस्त निधीत आधीच भरून ठेवले होते. कंपनी दिवाळखोरीत गेली तरी धनकोंचा हात तिथे पोचू नये, अशी ती रचना होती.

हे कळल्यावर विमानतळांवर आणि हँगरांमध्ये जो संताप उसळला, त्याला काहींनी भावनिक म्हटलं. आकड्यांत त्यांचं चूक नव्हतं. ४ कोटी १० लाख ही रक्कम कर्मचाऱ्यांनी एका वर्षात सोडलेल्या पैशांचा चाळिसावा भागही नव्हती. ती रद्द केली असती तरी कुणाच्या पगारात फार फरक पडला नसता. पण हा हिशेब करणाऱ्यांनी एक गोष्ट बाजूला ठेवली, आणि माझ्या मते सगळं प्रकरण त्या एका गोष्टीत आहे. कामगाराची कपात मताला टाकली गेली होती. अधिकाऱ्याच्या पेन्शनचं संरक्षण कुणाच्याही मताला टाकलं गेलं नाही. ते संचालक मंडळाच्या खोलीत ठरलं, आणि ज्यांच्याकडे त्याग मागायचा त्यांना तो ठराव दाखवला गेला नाही. माहिती असून दिलेला पैसा आणि अर्धी माहिती लपवून घेतलेला पैसा, हे दोन्ही ताळेबंदात एकाच रकान्यात पडतात. माणसाच्या मनात ते एका रकान्यात कसे पडतील?

आता त्या थांबण्याच्या बक्षिसाकडे पाहू. त्यामागचा युक्तिवाद असा की कंपनी बुडायच्या बेतात असताना हुशार व्यवस्थापक दुसरीकडे जातील, म्हणून त्यांना धरून ठेवलं पाहिजे. वरवर पटण्यासारखं आहे. मग वैमानिकांना आणि केबिन क्रूला असं धरून का ठेवावं लागत नाही? कारण ते जाऊच शकत नाहीत. अमेरिकेतल्या मोठ्या विमान कंपन्यांत सगळं सीनिऑरिटीवर चालतं. पगार, कोणतं विमान, कोणता मार्ग, दिवाळीसारख्या सणाला आपल्याकडे जी सुट्टी हवी असते तशी त्यांची नाताळची सुट्टी, सगळं त्या यादीतल्या क्रमांकावर ठरतं. आणि तो क्रमांक बरोबर नेता येत नाही. वीस वर्षं नोकरी केलेला कॅप्टन दुसऱ्या कंपनीत गेला, तर तो तिथे सगळ्यात खालचा, नव्या माणसाच्या पगारावर.

म्हणजे व्यवहार असा झाला, की जो सोडून जाऊ शकतो त्याला राहण्याचे पैसे द्यायचे आणि ज्याला जाता येत नाही त्याच्याकडून राहण्याचे पैसे घ्यायचे. वीस वर्षं एका जागी टिकणं ही खरं तर कंपनीची ठेव. रात्री तीन वाजता धुक्यात विमान उतरवणारा हात, आजारी प्रवाशाचा चेहरा पाहून डॉक्टरची गरज ओळखणारी नजर, हे सारं त्या वीस वर्षांत तयार होतं. पण वाटाघाटीच्या टेबलावर तीच वीस वर्षं त्या माणसाची अडचण ठरतात. समोरच्याला ठाऊक असतं, की हा उठून जाणार नाही. मला या प्रकरणातली सगळ्यात बोचणारी गोष्ट ही वाटते. बक्षिसाची रक्कम त्यापुढे दुय्यम आहे.

कपात कशातून होते, हेही पाहायला हवं. अमेरिकेत केबिन क्रूचा पगार वर्षानुवर्षं उड्डाणाच्या तासांवर मोजला जात आला आहे. प्रवासी आत येतात, बॅगा वर कोंबतात, सीटवरून वाद घालतात, म्हाताऱ्या माणसांना हात धरून बसवावं लागतं, तो सगळा वेळ हिशेबात नसे. बोर्डिंगच्या वेळेचे निम्म्या दराने पैसे द्यायला डेल्टाने सुरुवात केली ती २०२२ मध्ये. अशा पगारातून १६ टक्के गेले, की महिन्याला काही फेऱ्या जास्त कराव्या लागतात, आणि त्या फेऱ्यांचे दिवस घरातून जातात.

युनायटेड एअरलाइन्समध्ये हीच गोष्ट आणखी उघडपणे घडली. २००५ च्या मे महिन्यात दिवाळखोरी न्यायालयाने त्या कंपनीला कर्मचाऱ्यांच्या चारही पेन्शन योजना गुंडाळायला परवानगी दिली. दायित्व सरकारी विमा महामंडळाकडे गेलं, आणि त्या महामंडळाच्या भरपाईला कमाल मर्यादा असल्यामुळे कित्येकांच्या, विशेषतः वैमानिकांच्या, पेन्शनला मोठी कात्री लागली. मुख्य कार्यकारी अधिकारी ग्लेन टिल्टन यांच्यासाठीचा ४५ लाख डॉलरचा पेन्शन निधी मात्र सुरक्षित राहिला. कारण दिलं गेलं, की तो नेमणुकीच्या वेळी करारात दिलेला शब्द होता. शब्द मेकॅनिकलाही दिलेला होता. तोही लेखी होता.

आपल्या मुंबईने याचा वेगळा प्रकार २०१९ मध्ये पाहिला. जेट एअरवेजच्या वैमानिकांना आणि इंजिनिअरांना जानेवारीपासून पगार मिळत नव्हता, तरी १७ एप्रिलच्या रात्री अमृतसरहून मुंबईला आलेल्या शेवटच्या विमानापर्यंत माणसं कामावर होती. तिथे प्रश्न कपातीचा राहिलाच नव्हता. पण नंतर दुसरीकडे गेलेल्या कित्येकांना आधीपेक्षा कमी पगारावर रुजू व्हावं लागलं, कारण बाजाराला त्यांची गरज कळत होती. अंधेरी-मरोळच्या घरांत तेव्हा मुलांच्या फीचा आणि घरच्या हप्त्याचा विचार चालला असेल.

अमेरिकन एअरलाइन्सच्या त्या प्रकरणात पुढे काय झालं, ते थोडक्यात सांगतो. अधिकाऱ्यांनी थांबण्याचं बक्षीस सोडलं. प्रमुख डॉन कार्टी यांनी माफी मागितली आणि २४ एप्रिलला राजीनामा दिला. युनियनांना थोड्या बऱ्या अटी मिळाल्या आणि दिवाळखोरी टळली. पेन्शनचा तो निधी मात्र राहिला. चार वर्षांनी, २००७ च्या एप्रिलमध्ये, शेअरचा भाव वाढल्यामुळे शेकडो वरिष्ठांना मिळून १५ कोटी डॉलरहून अधिक किमतीचे शेअर मिळाले. कर्मचारी तेव्हाही २००३ च्याच करारावर काम करत होते. २०११ च्या नोव्हेंबरमध्ये, ज्या दिवाळखोरीच्या भीतीने त्यांनी होकार दिला होता, तिचाच अर्ज कंपनीने केला.

वरच्यांनी पगार कमी घेतला म्हणजे कंपनी वाचते, असं मला म्हणायचं नाही. जपान एअरलाइन्सचे प्रमुख हारुका निशिमात्सु यांनी २००७ मध्ये आपला पगार वैमानिकांपेक्षाही खाली आणला. ते बसने कामावर येत आणि कँटीनमध्ये जेवत. २०१० च्या जानेवारीत ती कंपनीही दिवाळखोरीत गेली. पण तिथे कपात झाली तेव्हा साहेबांचा पगार किती, हे सामान उचलणाऱ्या माणसालाही ठाऊक होतं.

आपल्याकडे २०२० च्या मार्चमध्ये, कोविडने विमानं जमिनीवर उभी राहायला लागली तेव्हा, इंडिगोचे प्रमुख रोनोजॉय दत्ता यांनी कर्मचाऱ्यांना पत्र लिहिलं. त्यात कपातीची यादी वरून सुरू होत होती. स्वतःची २५ टक्के, त्याखालच्या वरिष्ठांची २० टक्के, वैमानिकांची १५ टक्के, केबिन क्रूची १० टक्के, आणि सगळ्यात कमी पगाराच्या दोन श्रेणींना काहीच नाही. पुढे जुलैमध्ये त्याच कंपनीने १० टक्के कर्मचारी कमी केले आणि ज्यांची नोकरी गेली त्यांना त्या मार्चच्या पत्राचा काही आधार झाला नसेल, हे मी विसरत नाही. तरी कपात मागायची वेळ एखाद्या कंपनीवर पुन्हा येईल, आणि या धंद्यात ती येतच असते, तेव्हा निदान तशा यादीचं पहिलं पान मागण्याचा हक्क सर्वांत खालच्या माणसाला असावा. मत देण्याआधी, किंवा मत विचारलंच जात नसेल तर सही करण्याआधी, वरच्या माणसाने स्वतःसाठी काय बाजूला ठेवलं आहे ते त्याला वाचायला मिळावं.