पात्रापुरते पाणी

कुंडीतल्या निवडुंगाला उघड्यावर किती पाणी सोसते, हा प्रश्न बागकामाचा. पण पाणी घालणे ही सेवा मानली की तो दानाचा होतो. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानासाठी देश, काळ आणि पात्र पाहायला सांगितले आहे. पात्र म्हणजे भांडे, आणि दान घेण्यास योग्य असा माणूसही. कुंडीपाशी हे दोन्ही अर्थ एकत्र येतात.

उज्जैनचे उदाहरण घ्या: तिथे वर्षाकाठी साधारण ९०० मिलिमीटर पाऊस होतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. निवडुंग पावसाच्या आकड्याने मरत नाही. मुळे किती दिवस ओली राहिली त्याने मरतो. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, मग बुरशी शिरते आणि खोड बुडापासून मऊ पडते. तिथली, माळव्याची काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून ती एकटी कुंडीत चालत नाही. निम्म्याहून जास्त जाड वाळू आणि विटांचा चुरा, बुडाला भोक, खाली बशी नाही, एवढे असले तर एखादी मोठी सर सहज निभते. झड लागली की मात्र कुंडी छपराखाली घ्यावी. तळाशी खडे भरण्याची रीत फसवी आहे: पाणी खड्यांच्या वरच्या मातीत अडकून राहते. रोज चमचाभर पाणी घालण्याची मायाही तशीच. माती पूर्ण सुकू द्यावी, मग भरपूर घालावे. थंडीत जवळजवळ बंदच.

याच उज्जैनमध्ये, किती पाणी सोसते हा प्रश्न दगडाबाबत थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. महाकालेश्वर मंदिरात ज्योतिर्लिंगाची झीज दिसू लागली होती. २०१७ साली भक्तामागे अर्धा लिटर शुद्ध केलेले पाणी आणि सव्वा लिटर पंचामृत अशी मर्यादा मंदिर समितीने न्यायालयापुढे मांडली. पूजा कशी करावी हे आपण ठरवणार नाही, असे न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले. तरी १ सप्टेंबर २०२० च्या निकालात भक्तांनी लिंग घासू नये असे बजावले.

भक्तीला माप लावता येते का, हा आक्षेप इथे उभा राहतो. पण माप भावाला लावलेले नाही, घेणाऱ्याच्या सोसण्याला लावले आहे. देणाऱ्याचे मन कितीही भरून आले तरी दगडाची झीज त्याने थांबत नाही, आणि मुळांना हवाही मिळत नाही.

परंपरेला हे अगदीच नवे नाही. उन्हाळ्यात महाकालाच्या लिंगावर ११ मडक्यांची गळती बांधतात, तिच्यातून पाणी थेंब थेंब पडते. ज्येष्ठी पौर्णिमेला, पावसाच्या तोंडावर, ती उतरवतात. निवडुंगाच्या कुंड्या आडोशाला न्यायच्या त्याही याच सुमारास.